गाडी भरल्याशिवाय हलायची नाही

मित्रांनो, आधी एकदा ‘पों’ म्हणतो, म्हणजे आपली ओळख होईल. आवाज जरा घोगरा वाटला असेल, पण वयाचा मान ठेवा. मी एक जुना भोंगा आहे. विजेवर किंचाळणारा नव्हे, आणि खांबावर चढून बसणारा तर नव्हेच. माझं अंग पितळेचं, तोंड धोतऱ्याच्या फुलासारखं पसरट आणि मागे काळ्या रबराचा गोळा. गोळा दाबला की हवा पुढे धावते, घशातली पातळ पत्ती थरथरते आणि मी माझ्या आयुष्यातला एकुलता एक शब्द बोलतो. पण त्या एका शब्दावर मी परदेशात जाऊन आलो. तीच गोष्ट सांगायला आज बसलोय.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. त्यातलं काही आठवत नाही. जन्माचं कुणाला आठवतं? मला आठवतं ते पनवेलमधलं गाड्यांच्या सामानाचं दुकान. आरसे, चेनी आणि मडगार्डं यांच्यामध्ये मी उलटा टांगलेला असायचो. येणारीजाणारी पोरं मला दाबून पळायची आणि दुकानदार त्यांच्यामागे धावायचा. एके दिवशी एक दणकट मिशीवाला माणूस आला. त्याने मला दाबलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, “आवाज मोकला हाय. द्या.”

तो काशीराम. पनवेलच्या कोळीवाड्यातला. घराणं दर्यावरचं, पण ह्याने होडीत पाय ठेवला रे ठेवला की पोटात ढवळायचं. भाऊबंद हसायचे. शेवटी त्याने समुद्राचा नाद सोडला आणि सहा आसनी रिक्षा घेतली. पनवेलहून उरण, तिथून मोरा बंदराचा धक्का, आणि परत. त्या रिक्षाच्या उजव्या अंगाला मला बसवलं आणि माझा संसार सुरू झाला.

काशीरामचा एक नियम होता. गाडी भरल्याशिवाय हलायची नाही. सहा आसनी म्हणजे सहा माणसं, हे झालं सरकारचं मत. काशीरामचं मत जरा मोठ्या मनाचं होतं. मागे बसलेल्यांनी कितीही कुरकुर केली तरी तो खाली उभा राहून मला वाजवायचा आणि ओरडायचा, “उरण उरण उरण, एक सीट, एकच सीट.” ती एक सीट कधी संपायची नाही. आणि दुसरा नियम: एकदा आत घेतलेली सवारी तिच्या दाराशी सोडायची. वाटेत टाकून जायचं नाही, मग वाकडी वाट का पडेना.

काशीरामची बायको गंगाबाई पनवेलच्या मासळीबाजारात बसायची. माहेर मोऱ्याचं, आवाज भरतीच्या लाटेसारखा. संध्याकाळी तिला न्यायला आला की काशीराम मला खास तऱ्हेने वाजवायचा. दोन लहान, एक लांब. पों-पों, पोंऽऽ. बाजाराच्या गलक्यात बाकी कुणाला काही कळायचं नाही, पण गंगाबाई टोपली उचलायची. घरी त्यांचा मुलगा, प्रणित, तोच आवाज ऐकून उंबऱ्यावर येऊन उभा राहायचा. त्या घरात ‘आलो’ हा शब्द कुणी तोंडाने उच्चारतच नसे. तो मी म्हणायचो.

प्रणित मोठा झाला आणि आजोबांच्या रक्ताला जागून दर्यावर गेला. होडीवर नाही, मोठ्या मालवाहू जहाजावर. ज्या दिवशी तो निघायचा होता, त्या दिवशी गंगाबाई बाजारात होती. तिला घेऊन यायला काशीराम निघाला खरा, पण वाटेत नाक्यावर तो सिटा भरत थांबला. नवराबायको घरी पोचली तेव्हा प्रणित निघून गेला होता. उंबऱ्यावर त्याचे जुने बूट तेवढे होते. गंगाबाई त्या दिवशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं काशीराम पुढे कितीदा तरी म्हणाला.

मग दिवस फिरले. जुन्या रिक्षा रस्त्यावरून उठल्या. काशीरामची रिक्षा भंगारात गेली आणि जाताना त्याने मला तेवढं पान्याने सोडवून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या खिळ्याला लटकलो. फोडणीचा धूर खाऊन पितळ काळवंडलं आणि रबराला एक बारीकशी चीर गेली. गंगाबाई म्हणायची, “अवो, त्याला सायकलवाल्याकरून ठिगळ मारून आना.” काशीराम म्हणायचा, “उद्या.” मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना हा शब्द फार ओळखीचा असतो.

अशातच प्रणितने दोघांना विमानाची तिकिटं पाठवली. त्याच्या नोकरीची मुदत वाढली होती. इतक्यात घरी येणं जमणार नव्हतं, पण जहाज दुरुस्तीसाठी सिंगापूरला थांबणार होतं आणि त्याला एक दुपार सुट्टी मिळणार होती. तो एका हॉटेलात येऊन थांबेल. सूर्य कलला की धक्क्यावरून लाँच सुटणार आणि त्याला जहाजावर परतावं लागणार. म्हणजे विमानतळावरून थेट हॉटेल गाठायचं. मध्ये कुठे थांबायचं नाही. त्याच्याकडे तिथे चालणारा फोन नव्हता आणि ह्यांच्याकडेही नव्हता. चुकामूक झाली तर झाली.

“मधी कुटं थांबाचा नाय,” गंगाबाईने नवऱ्याला बजावलं.

“मी कशाला थांबतोय? गाडी माजी थोडीच हाय?”

गंगाबाईने तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांची चटणी डब्यात भरली. आणि काशीरामने मला खिळ्यावरून काढून कापडी पिशवीत घातलं. “परक्या मुलकात गर्दीत हरवलीस तर?” तो म्हणाला. गंगाबाईने कपाळाला हात लावला. मी मात्र पिशवीच्या तोंडातून तोंड बाहेर काढून जग बघायला निघालो.

मुंबईच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने पिशवी उघडायला लावली. त्याने मला उचललं, आत डोकावून पाहिलं, हलवलं आणि विचारलं, “ये क्या है?” काशीराम म्हणाला, “दबाव के देखो.” त्याने दाबलं. अख्खी रांग बाजूला सरकली. एक म्हातारे गृहस्थ तर सवयीने भिंतीला टेकून उभे राहिले. अधिकारी हसू दाबत होता. त्याने अजून दोनदा वाजवून खात्री करून घेतली. तिसऱ्या वेळी माझ्या चिरीतून थोडी हवा गेल्याचं मला जाणवलं, पण एवढ्या सन्मानात तक्रार कोण करतं?

सिंगापूरला उतरलो तर जमिनीवर जिकडे तिकडे गालिचा. गंगाबाई दारातच थबकली.

“अगो, चल ना,” काशीराम म्हणाला.

“लोकांच्या गालिच्यावर चपला घालून? वलन हाय का काय तुमाला?”

तिने चपला काढून हातात घेतल्या. एका काखेत डबा, हातात चपला, अशी ती अनवाणी चालू लागली. काशीरामने आजूबाजूला पाहिलं. सगळेच बूट घालून चालले होते. पण त्यानेही पाय जरा हळूच टाकायला सुरुवात केली.

बाहेर न्यायला हॉटेलचा माणूस येणार होता. दोघांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून प्रणितने हॉटेलवाल्यांना पाटीवर मासा काढायला सांगितलं होतं. पिकल्या केसांचा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातला एक ड्रायव्हर तशी पाटी धरून उभा होता. गंगाबाईने पाटी निरखून पाहिली.

“ह्यो काय पापलेट हाय का सुरमय? शेपूट बग कसा काडलाय.”

“तुला मासा इकत घ्यायचाय का हॉटेलात जायचाय?”

ड्रायव्हर अदबीने वाकला. त्याला मराठी येत नव्हतं आणि ह्यांना त्याची भाषा येत नव्हती, त्यामुळे सुरुवातीला सगळं फार छान चाललं होतं. गाडी आली. काय गाडी म्हणावी, मित्रांनो. लांबलचक, चकचकीत, दार आपोआप सरकणारं, आत थंडगार. नवराबायको बसली. दार बंद झालं. ड्रायव्हरने किल्ली फिरवली.

काशीरामने मागे वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा बदलला. मी तो चेहरा ओळखत होतो.

“थांब रं भाऊ. सहा सिटा रिकाम्या हायत.”

ड्रायव्हरने आरशातून मान डोलावली आणि हसला.

“बगा हां,” गंगाबाई म्हणाली. “पोर वाट बगतोय.”

“अगो, पन इतकी मोटी गाडी, दोन मानसं? ह्या बिचाऱ्याचं पोट कसं चालल? नवा दिसतोय लाइनीत.”

पिकल्या केसांच्या त्या ‘नव्या’ माणसाची काशीरामला खरोखरच दया आली होती. त्याने दार सरकवलं, खाली उतरला, मला पिशवीतून काढलं आणि दरवाजाशी उभा राहून वाजवायला लागला. “हॉटेल हॉटेल हॉटेल. चला, सहा सीट. हॉटेल हॉटेल.” हा शब्द तिथेही तोच असल्याचं आम्हाला त्याच दिवशी कळलं.

टॅक्सीच्या रांगेत कंटाळलेली माणसं होतीच. टोपी घातलेलं एक गोरं आजी-आजोबांचं जोडपं आधी आलं. मग पाठीवर गिटारची भलीमोठी पेटी घेतलेल्या दोन मुली. मग कानाला फोन लावलेला एक टायवाला साहेब, जो कुठे चाललोय हे न बघताच आत बसला. ड्रायव्हर हात हलवत “नो, नो” म्हणत होता.

“भाऊ म्हनतो, अजून एक बसंल,” काशीरामने अर्थ लावला आणि खांद्यावर गोणपाटासारखी पिशवी घेतलेल्या एका सावळ्या पोराला ओढून शेवटच्या सीटवर बसवलं. गाडी भरली. काशीरामच्या चेहऱ्यावर मी कित्येक दिवसांनी ते समाधान पाहिलं. ड्रायव्हरला वाटलं, ही सगळी ह्यांचीच माणसं. पाहुण्यांना नाही म्हणण्याची त्याची रीत नसावी. तो पुन्हा वाकला आणि गाडी निघाली.

आता खरी गंमत. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणाचा कागद पुढे केला, आणि सगळी ठिकाणं वेगळी निघाली.

पहिलं हॉटेल आलं. आजी-आजोबा उतरले, काशीरामने त्यांच्या बॅगा उतरवून दिल्या. आजोबांनी त्याचा हात हातात घेऊन खूप वेळ हलवला. दुसऱ्या ठिकाणी पोचायला इतके उड्डाणपूल चढावे-उतरावे लागले की गंगाबाई म्हणाली, “ह्या मुलकात जमीन कमी पडली काय?” गिटारची पेटी दारात अडकली. ती सोडवण्यात बराच वेळ गेला. टायवाला साहेब चुकीच्या हॉटेलात उतरला, फोनवर बोलत आत गेला, फोनवरच बोलत परत आला आणि पुन्हा बसला. गंगाबाईने डब्याचं झाकण जरा सैल करून आत सगळं ठीक आहे ना ते पाहिलं. बोंबलाचा वास थंडगार गाडीत पसरला. साहेबाचा फोन मात्र त्या क्षणी पहिल्यांदा थांबला.

डावीकडे इमारतींच्या फटीतून समुद्र दिसला. पाण्यावर पिवळा उजेड तिरपा पडला होता. गंगाबाईने तो पाहिला आणि डबा छातीशी घट्ट धरला.

“गंगे,” तो हळूच म्हणाला.

“त्या दिवशी पन सिटाच भरत व्हता तुमी.”

काशीरामने मला मांडीवर घेतलं आणि उगाच माझं पितळ बोटाने पुसत बसला. साहेब आपल्या खऱ्या हॉटेलपाशी उतरला. आता गाडीत ती दोघं आणि तो सावळा पोरगा उरले. पुढे रस्ता दोन बाजूंना फुटत होता. ड्रायव्हरने एकीकडे बोट दाखवून “हॉटेल” म्हटलं. दुसरीकडे बोट दाखवलं आणि पोराच्या कागदाकडे पाहिलं. त्याला आधी सोडू की तुम्हाला, असं तो विचारत होता.

“आदी हॉटेल,” काशीराम घाईने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो सवारी वाटेत ठेवायला तयार झाला होता.

गंगाबाई मात्र त्या पोराच्या पिशवीकडे बघत होती. पिशवीच्या दोरीला खलाशाची गाठ होती. तिचा बाप मोऱ्याला बांधायचा तसली. तिने पोराच्या खांद्यावर हात ठेवला. “बोट?” तिने विचारलं. पोराने मान डोलावली. “शिप. लाँच,” तो म्हणाला.

“हॉटेलात आता कोन बसलाय?” गंगाबाई नवऱ्याला म्हणाली. “उजेड गेला. खलाशी लाँच चुकवत नाय. ह्याच्या संगट चला.”

“आनि धक्का दुसरा आसला तर?”

“आसला तर आसला. पन पोराला शोधायचा तर धक्क्यावरच शोधायचा, गादीवर नाय.”

तिने ड्रायव्हरला पोराच्या बाजूचं बोट दाखवलं, असं की त्याला पुन्हा विचारायचं धाडस झालं नाही. गाडी धक्क्याकडे वळली.

तो धक्का मोऱ्यासारखा नव्हता. काचेची मोठी इमारत, पुढे कठडा, आणि कठड्यापलीकडे हारीने लागलेल्या लाँचा. प्रत्येकीवर एकसारखे निळे कपडे घातलेली माणसं. त्यात आपला कोण, हे देवालाच ठाऊक. कठड्याच्या आत जायला परवानगी नव्हती. सावळा पोरगा कागद दाखवून आत गेला आणि गंगाबाई त्या निळ्या गर्दीकडे बघत राहिली.

काशीरामने मला वर धरलं. दोन लहान, एक लांब. मित्रांनो, मी सगळा जीव गोळा केला. त्याने गोळा दाबला आणि माझ्यातून आवाज निघाला तो असा: फुस्स.

त्याने पुन्हा दाबलं. फुस्स. चीर पार फाटली होती. मी इतकी वर्षं एकच शब्द बोललो आणि नेमका तोच आज माझ्याकडे नव्हता. लाजेने मी वितळून जावं असं मला वाटलं, पण पितळ इतक्या सहज वितळत नाही. काशीराम चिरीवर अंगठा ठेवून दाबत होता, तळहात ठेवून दाबत होता. “उद्या ठिगळ मारनार व्हतो,” तो पुटपुटला.

“द्या इकडं,” गंगाबाई म्हणाली.

तिने डबा काशीरामच्या हातात दिला आणि माझा रबरी गोळा खसकन उपटून टाकला. मागचं टोक तोंडाला लावलं. भर बाजारात सगळ्यांचे आवाज बुडवून ‘ताजी बोयटी’ म्हणत मासळी विकणारी छाती होती ती. तिने श्वास घेतला.

पों-पों, पोंऽऽऽ.

मित्रांनो, तो आवाज माझाच होता यावर माझा स्वतःचा विश्वास बसला नाही. धक्क्यावरचे पक्षी उडाले. निळ्या कपड्यांची सगळी डोकी वळली. आणि एका लाँचवर, एक पाय आत आणि एक पाय धक्क्यावर असलेला एक उंच मुलगा वळला नाही. जागच्या जागी थिजला. मग वळला. मग उंबऱ्याकडे धावायचा तसा धावत आला.

कठडा मध्ये होता. गंगाबाईने त्यावरून हात घालून त्याचा चेहरा धरला. प्रणितने तिच्या पायांकडे पाहिलं.

“आये, चप्पल कुठाय?”

“गाडीत राहिली. तू जेवलास का?”

“हॉटेलात तुजी वाट बगत व्हतो.”

“तुज्या बापानं सिटा भरल्या.”

प्रणित काशीरामकडे बघून हसायला लागला. काशीराम डबा पुढे धरून उभा होता, शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखा.

तेवढ्यात लाँचवाल्याने हाक दिली. लाँच एका माणसासाठी थांबली होती, विमानाने येणाऱ्या खलाशासाठी. तो म्हणजे आमचा सावळा पोरगा. तो चढला की लाँच सुटणार. पोराने ह्या तिघांकडे पाहिलं, लाँचकडे पाहिलं आणि शांतपणे खाली बसून बुटाची नाडी बांधायला घेतली. एक बांधून झाली. मग त्याने दुसरी सोडली. मग पहिली नीट बसली नाही म्हणून पुन्हा सोडली. तेवढ्यात कठड्यावर डबा उघडला गेला, भाकरी मोडली गेली, आणि आईच्या हातचा घास प्रणितच्या तोंडात गेला. गाडी भरल्याशिवाय हलत नाही, हा नियम लाँचलाही लागू होता, आणि काशीरामने भरलेली शेवटची सीटच त्या लाँचची शेवटची सीट निघाली. गंगाबाईने हे बोलून दाखवलं नाही. पण लाँच सुटल्यावर निघताना तिने नवऱ्याच्या हातातून पिशवी घेतली आणि मला स्वतः आत ठेवलं.

परत गाडीपाशी आलो. गंगाबाईच्या चपला सीटखाली नीट जोडून ठेवलेल्या होत्या. दोघं बसली. ड्रायव्हर स्टिअरिंगपाशी बसला, पण गाडी सुरू करीना. तो मागच्या रिकाम्या सिटांकडे बघत राहिला आणि मग माझ्याकडे.

“चल भाऊ,” काशीराम म्हणाला. “आता रिकामी जाव दे.”

त्यानंतर प्रणित सुट्टीवर आला तो हातात नवा रबरी गोळा घेऊनच. मला चिंचेने घासलं आणि मी पुन्हा सोन्यासारखा झालो. पुढे त्याचं लग्न झालं. आता त्याची मुलगी, भावना, हिच्या तीनचाकी सायकलवर मी बसतो. सायकलच्या मागे प्लास्टिकची एक टोपली आहे. भावना तीत बाहुली बसवते, एक कान तुटलेला ससा बसवते, आजीचं वाटणाचं भांडंसुद्धा बसवते. मग मला वाजवते आणि ओरडते, “सिंगापूर सिंगापूर सिंगापूर, एक सीट.” दुपारी तिची आई, किशोरी, धाकट्याला थोपटत असते तेव्हा ती जास्तच जोरात वाजवते. तुम्ही तेवढं करू नका, मित्रांनो. बाळ झोपलं की जुन्या भोंग्यालासुद्धा झोप हवीच असते.

आणि एक सांगतो. तुमच्या घरात खिळ्याला काही लटकत असेल, काही गळत, कुरकुरत असेल, तर ठिगळ आजच मारा. कुणाला कधी साद घालावी लागेल, सांगता येत नाही.

परवा काशीराम अंगणात बसून म्हणाला, “भावना, भरली की तुजी गाडी. आता सोड.”

तिने टोपलीत बाहुली बाजूला सरकवून थोडी जागा केली. प्रणित अजून जहाजावरच आहे.

“नाय आजोबा,” ती म्हणाली. “पप्पांची सीट हाय.”

काशीराम उठून सायकलपाशी आला, तिच्या इवल्या हातावर आपला हात ठेवला आणि दोघांनी मिळून मला दाबलं. दोन लहान, एक लांब.

गाडी अजून हललेली नाही. आम्ही थांबलो आहोत.